सहा पंप, एक डायरी आणि मखमलाबादचं घर

जुलै २०२४ मध्ये गुरुजींचा फोन आला तो घराबद्दल नव्हता, डायऱ्यांबद्दल होता. “एकोणनव्वदची वाळवीने गेली,” ते म्हणाले, “नव्वदची अर्धी गेली. बाकीच्या वर नेऊन ठेवल्यात. तू जरा येऊन जा.” गुरुजींनी मला आठवीला गणित शिकवलंय. त्यांच्या तोंडी ‘जरा येऊन जा’चा अर्थ आजच ये, असा असतो.

गेलो. बेडरूममधल्या कपाटाचा खालचा खण बाहेर काढून ठेवलेला होता. वरून सनमायका गुळगुळीत, नवाकोरा. मागची बाजू दाबली तर बोट आत गेलं. प्लायचे थर गायब, त्यांच्या जागी ओलसर माती आणि दोन्ही बाजूंना सनमायका पापडासारखा उभा. डायऱ्यांचंही तेच झालेलं. पुठ्ठे शाबूत होते, आतल्या पानांचं मातीचं जाळं झालं होतं. वास्तुशांत होऊन चौदा महिने झाले होते.

“बिलात अँटी टर्माइट लावलंय रे,” म्हणत गुरुजींनी कागद पुढे केला. ३,५०० रुपये, ‘दहा वर्षे हमी’, खाली सही. कोणतं औषध, किती लिटर, कुठे कुठे मारलं, यातलं एक अक्षर नाही.

मी घरं बांधतो, पण हे घर मी बांधलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे बांधणाऱ्यांच्या चुका निघणार आहेत. माझ्या साइटवर अशा चुका कधीच झाल्या नाहीत, असा दावा मात्र करणार नाही. या प्रकरणानंतर मी माझी जुनी तीन कामं आठवून पाहिली आणि एका ठिकाणी गुपचूप जाऊन भिंतीच्या पायथ्याची पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, ठोकून बघूनही आलो.

जमीन कसली होती

प्लॉट मखमलाबाद शिवारातला, तीन गुंठ्यांचा. आधी तिथे द्राक्षबाग होती. बाग काढली, जमीन एनए (बिगरशेती) झाली, रस्ते आखले, खांब लागले. नाशिकच्या वाढत्या कडेला अशा जमिनी पावलोपावली आहेत.

बाग काढतात म्हणजे काय काढतात? लोखंडी अँगल आणि तारा आधी जातात, कारण त्यांचे पैसे येतात. वेली जेसीबीने उपटून बांधाला लावतात. पण आपल्याकडच्या बहुतेक बागा डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेल्या. त्या खुंटाची मुळं खोल आणि लांब पसरतात, ती सगळी काही जेसीबीच्या दातांना लागत नाहीत. शिवाय वर्षानुवर्षं मातीत गेलेल्या छाटणीच्या काड्या, मोडके बांबू, सुतळ्या, शेणखत. वाळवीच्या दृष्टीने ही शिधा भरलेली कोठी. बाग चालू असते तेव्हा मशागत, पाणी, फवारण्या यांची वर्दळ असते. बाग काढून प्लॉट दोन-तीन वर्षं नुसता पडून राहिला की कोठीला राखणदार उरत नाही.

त्यात माती काळी. पावसात फुगते, एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जोत्याच्या कडेलाही अशी भेग पडते, आणि औषध पाजलेली माती तिथे मधोमध फाटते. म्हणून जोत्यात काळी माती भरत नाहीत, मुरूम भरतात. गुरुजींच्या जोत्यातही मुरूमच होता. पण सगळीकडे नव्हता. त्याचं पुढे येईल.

प्लॉटच्या ईशान्य कोपऱ्यात बांधाला धरून एक वारूळ होतं. जेसीबीवाल्याने ते पाडायला घेतलं तेव्हा काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीने, थांबवलं, कारण नागपंचमीला त्या वस्तीतल्या बायका तिथेच लाह्या-दूध घेऊन येत. तोडगा निघाला तो आपल्याकडे नेहमी निघतो तसा: वरचा अर्धा सपाट केला, खालचा राहू दिला. (वारूळ बांधते वाळवी. नाग तिथे पोटभाडेकरू.)

आधी नक्की कोण आहे ते बघायचं

कपाट बनवणाऱ्या सुताराचं म्हणणं होतं की लाकडाला भुंगेरा लागलाय, जोत्याचा काही संबंध नाही. त्याची अडचण मला समजत होती, पण खुणा तसं सांगत नव्हत्या. भुंगेरा लागला की लाकडाला टाचणीएवढी गोल भोकं पडतात आणि खाली पिठासारखी बारीक भुकटी सांडते. कोरड्या लाकडातच राहणारी वाळवी वेगळी. तिला जमिनीची गरज नसते, ती खसखशीसारखे कडक दाणे बाहेर टाकते. इथे ना पीठ होतं ना खसखस. इथे होती माती. खणाच्या मागून भिंतीवर पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी उतरत होती आणि स्कर्टिंगच्या फटीत शिरत होती.

ही नळी म्हणजे जमिनीतल्या वाळवीची सही. या कामकरी वाळवीचं अंग मऊ, पांढुरकं. उघड्या हवेत ती लवकर सुकते आणि मुंग्या तिला सोडत नाहीत. म्हणून ती माती, लाळ आणि विष्ठा यांचा बोगदा बांधत पुढे सरकते आणि ओलाव्यासाठी पुन्हा जमिनीकडे येते. नळी फोडली तेव्हा आत तपकिरी डोक्याचे, जबड्याचे सैनिकही दिसले.

काकूंना त्यापेक्षा जुनी गोष्ट आठवली. राहायला आल्यानंतर महिनाभरातच, जून २०२३ मध्ये, पहिल्या मोठ्या पावसाच्या संध्याकाळी बाथरूममध्ये पंखवाले किडे भरले होते. सकाळी सुपलीभर पंख झाडून काढले. “पाऊस आला की येतातच ते,” त्या म्हणाल्या. येतात, खरं आहे. रस्त्याच्या दिव्याखाली तर ढीग पडतो. दिव्याला भुलून बाहेरून आत आले तर घाबरायचं कारण नाही. मी विचारलं, खिडकी उघडी होती का? नव्हती. तिला जाळी आहे, आणि त्या दिवशी लाइटही गेलेली होती. मग कुठून आले? “मोरीच्या कोपऱ्यातून. फरशीच्या फटीतून रांग लागली होती.”

हे पंखवाले म्हणजे घर सोडून नवा संसार मांडायला निघालेले राजा-राणी. वसाहत वसल्या वसल्या असे पंखवाले निघत नाहीत, तिला त्यासाठी काही वर्षं जावी लागतात. घर महिन्याभराचं आणि जमिनीतून पंखवाले बाहेर. याचा अर्थ वसाहत घराआधीची. गुरुजींचं कुटुंब तिथे राहायला आलं तेव्हा खाली आधीच एक कुटुंब नांदत होतं.

मुंग्यांनाही पंख फुटतात, म्हणून काकूंकडून खात्री करून घेतली. मुंगीची कंबर बारीक आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. वाळवीचे चारही पंख सारख्याच लांबीचे, कंबर जाड, आणि पंख इतके सहज गळतात की किडे कमी नि पंखच जास्त सापडतात. काकूंनी झाडले ते पंखच होते.

डायरीतला हिशेब

२०२२ ची डायरी टेबलावर होती म्हणून वाळवीपासून वाचली होती. गुरुजी रोज चार ओळी लिहितात, त्यात विशेषणं नसतात. त्यातल्या नोंदी तशाच देतो.

“१४ जून. दु. ३ ते ३.४०. वाळवीचं औषध मारलं. एक माणूस. पाठीवरचा पंप. सहा पंप झाले. कॅन १, ५ लि. उग्र वास. चहा ५ कप.”

“१५ जून. रात्री सर.”

“१७ जून. प्लंबर. संडासची लाइन खोदली.”

“२३ जून. जोत्यावर काँक्रीट. चहा १४ कप.”

रिकामा कॅन माळ्यावर सापडला, गुरुजींनी रॉकेलसाठी ठेवलेला. क्लोरपायरीफॉस २० ईसी, म्हणजे २० टक्के तीव्रतेचं. औषध योग्य होतं. पूर्वी आल्ड्रिन मारत, १९९६ मध्ये त्यावर बंदी आली. त्यानंतर क्लोरपायरीफॉस, इमिडाक्लोप्रिड, बायफेन्थ्रिन ही नावं वापरात आली. तक्रार औषधाच्या नावाबद्दल नाहीच.

आता गणित. वाळवी प्रतिबंधासाठी आपलं भारतीय मानक आहे, आयएस ६३१३. त्याचा दुसरा भाग बांधकाम चालू असतानाचा, तिसरा उभ्या घरासाठीचा. दुसऱ्या भागात म्हटलंय की जोत्याचा भराव पूर्ण झाल्यावर, काँक्रीट पडायच्या आधी, त्याच्या माथ्यावर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण पाजायचं. गुरुजींचं जोतं ३० बाय ४० फूट, म्हणजे १,२०० चौरस फूट, साधारण १११.५ चौरस मीटर. गुणिले पाच, ५५७ लिटर.

पाठीवरचा पंप १६ लिटरचा. सहा पंप, ९६ लिटर. क्लोरपायरीफॉस २० ईसी एका टक्क्याला आणायचं तर १ लिटर औषधात १९ लिटर पाणी, म्हणजे ५ लिटरच्या कॅनमधून १०० लिटर द्रावण. डायरी आणि कॅन एकमेकांशी जुळले. माणूस प्रामाणिक होता, औषधात पाणी वाढवलं नव्हतं. फक्त ५५७ च्या जागी ९६ लिटर मारून तो निघून गेला. ५५७ लिटरला २८ लिटर औषध लागलं असतं आणि त्याची किंमतच ३,५०० च्या बिलात बसत नाही. गुरुजींनी हा हिशेब स्वतः पुन्हा केला, मग म्हणाले, “हे मी तेव्हाच करायला हवं होतं. आकडे माझ्याकडे होते.”

आणि हे फक्त माथ्याचं. जोत्याच्या बीमला टेकून जो भराव येतो तिथे उभ्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरला ७.५ लिटर. आपल्याकडचं घर कॉलम-बीमचं असेल तर फुटिंगच्या (कॉलमच्या पायाच्या) तळापासून मारत बसायची गरज नसते, कारण दाट काँक्रीटमधून वाळवी जात नाही. जमिनीखाली ५०० मिलिमीटरपासून वर मारलं तरी चालतं. भिंत आणि भराव जिथे मिळतात त्या कडेला छोटी चारी काढून, दर दीडशे मिलिमीटरवर सळईने भोकं पाडून पाजायचं. प्रत्येक पाइपभोवती वेगळं. आणि सगळं बांधकाम संपल्यावर घराच्या बाहेरून कडेकडेने ३०० मिलिमीटर खोल. म्हणजे औषधवाला किमान तीनदा साइटवर यायला हवा. गुरुजींच्या डायरीत तो एकदाच येतो, आणि चहाही एकाच वेळचा.

पाठीवरच्या पंपाबद्दल एक सांगायला हवं. नाशिककरांना फवारणी म्हटलं की द्राक्षाचीच डोळ्यासमोर येते. तिथे धुकं उडवायचं असतं, पानाला पातळ थर बसला की काम झालं. जोत्यात नेमकं उलट हवं. मुरमाच्या आत काही इंच औषध उतरलं पाहिजे. वरून माती काळपट दिसली, वास सुटला, सगळ्यांना वाटलं झालं. पाण्याच्या झारीनेसुद्धा हे काम पंपापेक्षा बरं होतं.

पण खरी वाट वेगळीकडूनच निघाली

इथपर्यंत सरळ दिसतं: औषध कमी, म्हणून वाळवी. मीही पहिल्या दिवशी तसंच समजलो होतो. गुरुजींनी पुन्हा १७ जूनच्या नोंदीवर बोट ठेवलं. “हा नंतर आला ना?”

त्यांच्या फोनमध्ये १७ जूनचा फोटो होता. संडासच्या जागेपासून बाहेरच्या चेंबरपर्यंत दीड फूट रुंदीची चारी, जोत्याच्या भरावातून आरपार. औषध मारून तीन दिवस झाले होते. चारी भरताना खोदलेला मुरूम पुरला नाही म्हणून बाजूची काळी माती ओढली. त्या मातीत काँक्रीट ओतताना लावायच्या सेंटरिंगच्या फळीचे तुकडे आणि लाकडी पाचरी फोटोतही ओळखू येतात. पुन्हा औषध कोणी मारलं? कोणी नाही. प्लंबरला माहीत नव्हतं की खाली औषध आहे, औषधवाल्याला माहीत नव्हतं की नंतर चारी निघणार आहे, आणि ठेकेदाराच्या लेखी दोन्ही कामं ‘झाली’ होती.

म्हणजे १४ तारखेला मोजून ५५७ लिटर पाजलं असतं तरी १७ तारखेला त्याला दीड फुटाचं दार पडलंच असतं. जोत्यातलं औषध म्हणजे शेताचं कुंपण. शंभर फूट तार ओढली आणि दोन फूट उघडी ठेवली तर गाय त्या दोन फुटांतूनच येते. वाळवीला तर साधी बारीक फट पुरते. मानकात साफ लिहिलंय की औषध पाजलेली माती नंतर हलली तर त्या जागी पुन्हा पाजायचं. पण घर बांधताना जोत्यानंतर प्लंबर येतो, मग अर्थिंगवाला, मग ड्रेनेज, मग बागेचं काम. हमीचा कागद मात्र पहिल्या दिवशीच लिहून झालेला असतो.

संशय खरा करायला बाथरूममधल्या संडासमागच्या दोन टाइल्स काढल्या. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप काँक्रीटमधून वर येत होता आणि त्याच्याभोवती बोटभर जागा होती. काँक्रीट खाली गळू नये म्हणून गवंड्याने तिथे गोणपाटाचा बोळा कोंबला होता. निम्मा खाल्लेला. शेजारच्या नहाणी ट्रॅपचा (मोरीचं पाणी जिथून खाली जातं त्याचा) जोड थेंब थेंब गळत होता. खाली बागेची मुळं, मध्ये न पाजलेली माती आणि फळ्या, दारात गोणपाट, वर पाणी. याहून आगतस्वागत ते काय करणार!

तिथून ती स्कर्टिंगमागून बाथरूमच्या चौकटीत गेली. चौकट सागाची, म्हणून काकू निर्धास्त होत्या. सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही, हे बरोबर. पण या चौकटीच्या भिंतीकडच्या बाजूला बाहेरचं पांढरट, कोवळं लाकूड होतं आणि वाळवीने नेमका तेवढाच भाग कोरला होता, गाभ्याला सोडून. एवढं नीट सोलणं रंध्यालाही जमलं नसतं. चौकटीतून पुढे कपाट. प्लाय घेताना दुकानदाराने ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दिला होता. पाण्याने न सुटणारा डिंक आणि वाळवीने न खाल्लं जाणारं लाकूड या दोन गोष्टी वेगळ्या, हे काउंटरवर कोणी सांगत नाही.

एक वाट घरच्यांनीच दिलेली. काकूंनी चौकटीजवळची नळी मार्चमध्येच पाहिली होती. दोनदा झाडूने काढली, एकदा रॉकेल ओतलं. नळी पुन्हा आली नाही म्हणून विषय संपला. नळी मोडली की वाळवी मरत नाही. ती वाट बदलते, आणि ती भिंतीच्या आतून कपाटाकडे गेली.

दोनशे ऐंशी भोकं

उपचारासाठी गुरुजींनी आधीच दोघांना बोलावलं होतं. एक म्हणाला, जेल लावतो आणि स्प्रे मारतो, अडीच हजार. जेल झुरळांसाठी असते. दुसऱ्याने भोकं पाडून औषध सोडतो म्हटलं, पण त्याच्याकडचा ड्रिल बिट चार इंचांचा. फरशी, तिच्याखालचा थर आणि काँक्रीट मिळून सहा इंच होत होते. म्हणजे त्याचं औषध काँक्रीटच्या पोटात राहिलं असतं. आम्ही तिसरा शोधला आणि त्याला एक परीक्षा घातली: भोक पाडल्यावर सायकलची तार आत घालायची, टोकाला माती लागून आली तरच भोक पास. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. दुसऱ्या खोलीपासून तो स्वतःच तार घालून दाखवू लागला.

काकूंचा प्रश्न रास्त होता. “अहो, नव्या घराला दोनशे ऐंशी भोकं?” आकडा असा निघाला: तळमजल्यावर भिंत आणि फरशी मिळतात त्या कडा, खोलीखोलीतून मोजता येतील तेवढ्या, २८० फूट. मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे दर ३०० मिलिमीटरला, म्हणजे साधारण फुटाला, १२ मिलिमीटरचं एक भोक आणि प्रत्येकात औषध मुरेल तेवढं, जास्तीत जास्त एक लिटर. भोकं स्कर्टिंगला लागून पाडली आणि टाइलच्या रंगाचं व्हाइट सिमेंट भरून बुजवली. आता शोधून दाखवावी लागतात. इलेक्ट्रिशियनला आधी बोलावून कन्सील वायरिंग कुठून गेलंय ते खडूने आखून घेतलं होतं. हे विसरू नये.

औषध इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी निवडलं, लिटरला २.१ मिलिलिटर. याचं कारण वासाचं नव्हतं. बायफेन्थ्रिनसारखी औषधं वाळवीला जाणवतात, ती तिथून वळते आणि मोकळी फट शोधते. नवीन जोत्यात अखंड पाजलं तर तेही चालतं. पण उभ्या घरात आपल्याला प्रत्येक फट सापडलेलीच नसते. इमिडाक्लोप्रिड तिला कळत नाही. ती त्यातून चालत जाते आणि अंगाला लागलेलं औषध आपल्यातल्या इतरांपर्यंत पोचवते. एकूण आत २४० लिटरच्या आसपास गेलं, काही भोकांनी अर्धा लिटरही घेतलं नाही.

बाहेरून १४० फुटांचा घेर. भिंतीला लागून चारी, तिच्यात सळईने दर दीडशे मिलिमीटरवर भोकं, आणि धावत्या मीटरला १.७५ लिटर. तीन बाजू अशा झाल्या. दक्षिणेच्या भिंतीपासून बोअर अवघ्या बारा फुटांवर, म्हणून तिथे दाबाने काही सोडलं नाही. चारीतली माती उचलून प्लास्टिकच्या ताडपत्रीवर पसरली, तिथेच औषध मिसळलं, जरा सुकू दिली आणि परत भरली. वेळ दुप्पट गेला. पण घरचं पिण्याचं पाणी त्याच बोअरचं आहे.

पश्चिमेला बेडरूमच्या भिंतीला टेकून काकूंचा मोगऱ्याचा वाफा होता. शेतावरून आणलेली माती आणि शेणखत जोत्याच्या वर नऊ इंच चढलेलं. जोत्याची उंचीच जिथे बुजवली तिथे खाली काय पाजलंय याला काही अर्थ राहत नाही. वाळवी वाफ्यातून थेट भिंतीत जाते. वाफा हलवायला मला सगळ्यात जास्त बोलावं लागलं. भोकांना काकूंनी एका दिवसात होकार दिला, मोगऱ्याला चार दिवस. शेवटी तो कुंपणापाशी गेला आणि भिंतीभोवती अडीच फुटांचा काँक्रीटचा पट्टा टाकला. तिथेच टेकवून ठेवलेल्या सेंटरिंगच्या फळ्या ठेकेदार “पुढच्या स्लॅबला लागतील” म्हणून दोन वर्षं नेत नव्हता. सगळ्यात खालची उचलली तर ती कागदासारखी हलकी लागली.

चौकटींना भिंतीच्या बाजूने तिरकी ६ मिलिमीटरची भोकं पाडून औषध भरलं. कपाटाचा खालचा भाग कापून टाकला. पाइपभोवतीचा गोणपाट काढून माती पाजली आणि ती फट नीट काँक्रीटने बंद केली. नहाणी ट्रॅपचा जोड बदलला. हा शेवटचा खर्च ३२० रुपयांचा.

राहिलं वारूळ. २०२४ ची नागपंचमी ९ ऑगस्टला होती. काकू म्हणाल्या, एवढी होऊ दे. होऊ दिली. लाह्या-दूध झालं, बायका आल्या आणि पुढच्या सोमवारी वारूळ उघडलं. आत मेंदूसारखे घड्यांचे, भुरकट स्पंजचे गोळे निघाले. या वाळव्या लाकूड-काड्या आणून त्यावर बुरशी पिकवतात. पावसाळ्यात वारुळाशेजारी जी खायची अळंबी उगवते ती याच शेतीची. गोळे ताजे, ओले होते, म्हणजे घर नांदतं होतं. वारुळाच्या एका घनमीटरला चार लिटर या मानाने भोकं पाडून औषध सोडलं. बाथरूममधली वाळवी याच वारुळातली होती का, हे मला सिद्ध करता येणार नाही.

सगळ्याला १४,५०० रुपये लागले, कपाटाचे वेगळे. दोन दिवस गुरुजी-काकू गंगापूर रोडला लेकीकडे राहिले. हमीच्या कागदावरचा फोन लागला नाही. ठेकेदार आला, १७ जूनचा फोटो पाहून बराच वेळ गप्प बसला आणि बाथरूमच्या टाइल्स त्याने स्वतःच्या खर्चाने बसवून दिल्या. नव्या माणसाकडून कागद घेतला त्यावर औषधाचं नाव, प्रमाण, खोलीनिहाय भोकं आणि लिटर, तारीख असं सगळं आहे. हमी पाच वर्षांची. गुरुजींना पाच आवडली. दहापेक्षा खरी वाटते म्हणाले.

त्यानंतर

उपचारानंतर उरलेल्या नळ्या आम्ही पुसल्या नाहीत. प्रत्येकीला मध्ये बोटभर तोडून बाजूला पेन्सिलीने तारीख घातली. वाळवी जिवंत असेल तर तोडलेला भाग सांधते, आणि नवी माती ओली, गडद दिसते. तीन आठवड्यांनी एकही सांधलेली नव्हती. दिवाळीतही नाही.

मार्च २०२५ मध्ये जिन्याखालच्या कोठीत दोन इंचांची नवी नळी दिसली. काकूंनी या वेळी झाडू उचलला नाही, मला फोटो पाठवला. कोठीची ती भिंत स्वयंपाकघराला लागून आहे. स्वयंपाकघरात ओट्याखालच्या साडेसात फूट भिंतीला आम्ही भोकं पाडली नव्हती, कारण तिथून पाण्याच्या आणि गॅसच्या लाइनी जातात आणि त्यांचा नकाशा कोणाकडेच नाही. २८० फुटांत ते साडेसात फूट मोजलेलेच नव्हते. १७ जूनवर बोट ठेवणाऱ्या गुरुजींनी या वेळी काही म्हटलं नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं.

कोठीच्या बाजूने नऊ भोकं पाडून औषध भरलं. नळी थांबली. ओट्याखालचं तसंच आहे. ट्रॉल्या काढून, लाइनी उघड्या करून ते काम करायचं की नुसतं लक्ष ठेवायचं, यावर घरात दोन मतं आहेत. तोपर्यंत काकू दर पंधरा दिवसांनी खालची ट्रॉली बाहेर ओढून टॉर्चने भिंत बघतात, आणि गुरुजी डायरीत लिहितात: “ओट्याखाली पाहिलं. काही नाही.”